बारा मिनिटं पुढं

तात्यांना कुणी वेळ विचारली, की ते आधी उलट विचारायचे, "कुणाची?"

नवीन माणूस बावरायचा. वेळ ती वेळ, तिच्यात कुणाची काय असायचं? मग तात्या बोटांवर मोजून सांगायचे. भिंतीवरच्या घड्याळाची एक, पेटीची एक, बाईसाहेबांची एक आणि ज्याच्या त्याच्या मोबाईलची ती निराळीच. चारही वेळा सेकंदासकट. तोवर विचारणारा कंटाळून निघून गेलेला असायचा आणि तात्या रिकाम्या दाराकडं बघून म्हणायचे, "घाईतला माणूस. त्याला नुसता आकडा पायजे हुता."

पेटी कोण आणि बाईसाहेब कोण ते सांगते. मी बोलत सुटते आणि ऐकणारा मागं राहतो, ही माझी जुनी खोड.

बारामतीच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप. कारखान्यांना, दूध थंड करणाऱ्या केंद्रांना लागणारी कंट्रोल पॅनल तिथं बनतात. म्हणजे लोखंडी कपाटंच म्हणा. कपाटात एक पीएलसी असतो. कुठली मोटर कधी सुरू करायची, कुठला व्हॉल्व्ह कधी मिटायचा हे तो ठरवतो. तात्या त्याला पेटी म्हणायचे. कपाटाच्या दारावर एक टचस्क्रीन असते. तिच्यावर टाक्या दिसतात, आकडे दिसतात, बटणं असतात. कारखान्यातला ऑपरेटर तिच्याकडं बघून आणि तिला बोट लावून सगळं यंत्र चालवतो. त्या स्क्रीनला तात्या बाईसाहेब म्हणायचे. कपाट गिऱ्हाइकाकडं जायच्या आधी पेटी आणि बाईसाहेब यांचं एकमेकांशी नीट जमतंय का ते तपासायचं आणि खाली सही करायची, हे तात्यांचं काम. त्यांची सही झाल्याशिवाय कपाट टेम्पोत चढायचं नाही.

तात्या लोणी भापकरचे. मी सांगवीची, सातवी शिकलेली. पोरं मार्गाला लागल्यावर वर्कशॉपमध्ये झाडलोटीला म्हणून आले. वायरींच्या टोकाला नंबराच्या पिवळ्या फेरूल ओवायला बाईमाणसाचं बोट बरं, म्हणून मला बसवलं. फुलं ओवावीत तशा ओवता ओवता मी वायरिंग शिकले, वायरिंग करता करता ड्रॉइंग वाचायला शिकले. पुढं तात्यांच्या हाताखाली चाचणीच्या खोलीत गेले ती आठ वर्षं तिथंच रमले. तात्या जाऊन आता एक पावसाळा उलटला. तरी दुपारची जरा डुलकी लागली, की ती खोली अजून डोळ्यांपुढं येते.

काय खोली होती ती. वर्कशॉपच्या मागच्या अंगाला, उत्तरेला खिडकी. ऊन कधी आत यायचं नाही, नुसता उजेड यायचा, पाण्यातून आल्यासारखा. हंगामात वाऱ्याबरोबर मळीचा गोडसर वास यायचा. तात्या चपला दाराबाहेर काढायचे आणि अनवाणी आत यायचे. टेबलावर कपाटाचं सगळं पोट उघडं पसरलेलं. मोटरी चालू-बंद करणारे, टक् टक् वाजणारे रिले, मोटरींच्या जागी हिरवे दिवे, दुधाच्या तापमानाच्या जागी फिरवायची एक छोटी खुंटी. खुंटी फिरवली की स्क्रीनवरचं दूध तापायचं, उलटी फिरवली की गार व्हायचं. एक थेंब दूध नसताना आम्ही दिवसभर डेअरी चालवायचो. टाक्या भरायच्या, रिकाम्या व्हायच्या, दिवे लागायचे, मिटायचे. मध्येच तात्या म्हणायचे, "शालन, टाकी भरली. दही लाव."

आणि बसल्या बसल्या ते डोळे मिटायचे. एकदा मालकांचे पाहुणे खोली बघायला आले, तर तात्या स्टुलावर मान खाली घालून बसलेले. आमचे मालक शिकलेले, मवाळ, पण पाहुण्यांदेखत त्यांचा चेहरा उतरला. "तात्या," त्यांनी हळूच हाक मारली. तात्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "तिसरा रिले उशिरा वाजतुय. दुसऱ्याच्या आधी वाजाया पायजे." उघडून बघितलं तर दोन वायरी मीच उलट्या जोडल्या होत्या. पाहुणे गेल्यावर मी म्हटलं, तात्या, माझी चूक माणसांसमोर काढली. तर म्हणाले, "नाव घेतलं का तुजं? रिलेचं घेतलं."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. काही बिघडलं की पोरं कारण शोधायला धावायची. तात्या त्यांना खाली बसवायचे. "आधी काय झालं त्ये सांग. का झालं त्ये मागनं बघू." वेळ थोडी चुकली तर चालेल, पण क्रम चुकता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. तरुणपणी ते एका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. तिथं ताटाएवढा गोल कागद एका चाकावर फिरायचा. त्याच्यावर तीन पेना टेकलेल्या, लाल, निळी, हिरवी. एक वाफेचा दाब लिहायची, एक पाणी, एक तापमान. चोवीस तासांत कागदाचा एक फेरा. रोज सकाळी तात्या चाकाला चावी द्यायचे, कालचा कागद काढून नवा लावायचे. भांडण लागलं की कागद बोलायचा, आधी पाणी उतरलं की आधी दाब चढला. तिन्ही पेना एकाच चाकाच्या बांधील, त्यामुळं भांडणाला जागाच नव्हती.

"आता परत्येकाच्या पोटात आपापलं घड्याळ," ते म्हणायचे. "पेटी तिच्या वेळंनं खरं बोलती. बाईसाहेब त्यांच्या वेळंनं खरं बोलत्यात. आन् दोन खरं एका कागदावर छापलं की त्याचं खोटं हुतं."

म्हणून आमची एक पद्धत होती. मी एक बटण दाबायची आणि त्याच क्षणी मोठ्यानं म्हणायची, "आता." तात्या पेटीच्या नोंदीतली वेळ बघायचे, स्क्रीनच्या नोंदीतली वेळ बघायचे आणि वहीत शेजारी शेजारी लिहायचे. दिवसातून पाच-सात वेळा तरी व्हायचं. मला सुरुवातीला हसू यायचं. चाळिशी उलटलेली बाई भरदुपारी एका खोलीत उभी राहून आता, आता म्हणतेय. पुढं पुढं मात्र त्यात एक गुंगी आली. मी आता म्हणेपर्यंत तो क्षण गेलेला असायचा आणि तात्यांच्या वहीत मात्र तो दोन ठिकाणी, दोन वेगळ्या आकड्यांत बसलेला असायचा.

निखिल साहेब म्हणून एक तरुण इंजिनिअर पुण्याहून आले होते. स्क्रीनवरचा प्रोग्राम ते लिहायचे. गुणी पोरगा, पण सगळ्या दुखण्याचं मूळ प्रोग्राममध्येच असतं अशी त्यांची श्रद्धा. एकदा एक स्क्रीन अधूनमधून वेळ विसरायला लागली. सकाळी बघावं तर तारीख कितीतरी वर्षं मागची, एक जानेवारी, रात्रीचे बारा. निखिल साहेब तीन दिवस लॅपटॉपला चिकटून होते. जेवण नाही, बोलणं नाही. तात्यांनी मला एवढंच विचारलं, लाईट कवा गेली हुती? मी आठवून सांगितलं. प्रत्येक वेळी लाईट जाऊन आल्यावरच हे झालं होतं. तात्या निखिल साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, लाईट गेली की बाईसाहेब नव्यानं जन्माला येत्यात. त्यांच्या आतला सेल मेलाय." बटणाएवढा सेल. तो बदलला आणि बाईसाहेबांना सगळं आठवायला लागलं.

दुसऱ्यांदा एका अहवालात सकाळी सातला आलेलं दूध रात्री दीडला आलेलं दाखवत होतं. तात्यांनी कागद हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. साडेपाच तासांचा फरक दिसला की शोधत बसायचं नाही, म्हणाले. अहवाल काढणारा लॅपटॉप विलायतेच्या घड्याळावर चालतोय, त्याला कुणी सांगितलंच नाही की तू बारामतीत आलायस. निखिल साहेब हसले, त्या दिवसापासून ते तात्यांना सर म्हणायला लागले. तात्यांना ते आवडायचं नाही. सर म्हटलं की फळा पुसावासा वाटतो, म्हणायचे.

एवढं सांगून झालं, आता जे सांगायचं म्हणून बसले ते सांगते.

इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या बाजूला, दुधाचं एक केंद्र आहे. तिथलं पॅनल आमचं होतं, तात्यांच्या सहीचं. तिथं स्क्रीनवर सविता नावाची एक पोरगी ऑपरेटर होती. आयटीआय केलेली, तिशीतली. त्या केंद्रात स्क्रीनवर बसलेली पहिलीच बाई, त्यामुळं तिच्याकडं चार डोळे जास्तच लागलेले.

वैशाखातली दुपार. टाकी दुधानं भरलेली आणि थंड करणारा कॉम्प्रेसर बंद पडला. अलार्म वाजला. सविताने दुसरा, जुना कॉम्प्रेसर सुरू करायचं बटण दाबलं. तो धापा टाकत सुरू झाला आणि थोड्या वेळानं बसला. मेकॅनिक येईपर्यंत टाकीतलं दूध गेलं. चौकशी लागली, अहवाल छापून काढला. त्यात कॉम्प्रेसर बंद पडल्याची वेळ होती आणि सविताने बटण दाबल्याची वेळ होती. दोन्हींत तेरा मिनिटांचं अंतर. केंद्राचे मॅनेजर म्हणाले, तेरा मिनिटं तू कुठं होतीस? ती म्हणाली, जागेवरच होते, आवाज आला तशी उठले. मॅनेजरांनी कागद पुढं केला. कागदापुढं बाई काय बोलणार? तिला घरी बसवलं. पॅनलवाल्यांचा अहवाल आला की कायमचं काय ते ठरवू, असं सांगितलं. तिच्या जागी कुणाला घ्यायचं त्याचं बोलणंही सुरू झालं होतं.

तात्या आणि मी जीपनं गेलो. सविताला बोलावून घेतलेलं होतं. पदर खांद्यावर घट्ट ओढून ती भिंतीला टेकून उभी होती. आम्ही आलो तर तिनं नमस्कार केला, पण वर बघितलं नाही. आम्ही म्हणजे तिच्यावर शिक्का मारायला आलेली माणसं.

तात्यांनी चपला काढल्या. स्क्रीनपुढं उभे राहिले. मी पॅनलमधलं बटण दाबलं आणि म्हटलं, "आता."

वहीत आकडे बसले. स्क्रीन पेटीच्या बारा मिनिटं पुढं होती.

मला वाटलं, झालं, सापडलं. कॉम्प्रेसर बंद पडल्याची वेळ पेटीची, बटणाची वेळ स्क्रीनची. तेरातून बारा गेले, एक मिनिट उरलं. खुर्चीतून उठून स्क्रीनपाशी यायला, वाचायला, बटण दाबायला तेवढं लागतंच. म्हणजे पोरगी खरं बोलत होती. पण तात्या हलले नाहीत. तासाभरानं पुन्हा आता म्हण, म्हणाले. मग पुन्हा तासाभरानं. तिन्ही वेळा बारा मिनिटं, सेकंदाचा फरक नाही. आतला सेल तपासला, तो चांगला. परत येताना त्यांनी मला समजावलं ते असं, की घड्याळ आपणहून घसरतं ते रोज थोडं थोडं आणि वेडंवाकडं. सरळ बारा मिनिटं असली, की ती कुणीतरी हातानं दिलेली असतात.

तेव्हा तिथं मात्र त्यांनी नुसती खोलीत नजर फिरवली. भिंतीवर एक घड्याळ होतं. ते स्क्रीनशी तंतोतंत जुळत होतं. मग त्यांनी अगदी सहज, पावसापाण्याचं विचारावं तसं विचारलं, "फाट्यावर यष्टी कितीला येती गं हितं?"

मॅनेजर चहाचं सांगायला बाहेर गेले होते. सविताचा चेहरा बघितला आणि माझ्या सगळं ध्यानात आलं.

आमच्या भागात घरातलं घड्याळ बरोबर नसतं. कुणाचं दहा मिनिटं पुढं, कुणाचं पंधरा. एसटी चुकू नये म्हणून. घरातल्या सगळ्यांना ते माहीत असतं, तरी सगळे त्याला भिऊन पळतात. माझ्या माहेरी असंच होतं, सासरीही आहे. ही काही लबाडी नाही, रीतच आहे. त्या केंद्रात शिफ्ट सुटायची ती स्क्रीनवरची वेळ बघून आणि एसटी यायची त्याच सुमाराला. ती चुकली की पुढची दीड तासानं.

"तात्या, मीच लावलं पुढं," सविता म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "शिफ्टच्या सगळ्यांनी सांगितलं म्हणून लावलं. लेक शाळंतनं यिऊन दाराबाहेर बसती हो. भिंतीवरचं पुढं हुतं, मग म्हटलं हिचं का न्हाय. आत कुठं लिवून ठेवतंय त्ये, मला काय ठावं?"

तात्यांनी स्क्रीनकडं बघितलं. हिरवी टाकी, निळे आकडे. मग म्हणाले, "आमच्या घरचं ईस मिनिटं पुढं हाय. मला म्हाईत झालं की मंडळी आणि पाच वाढवत्यात."

सविताला हसावं की रडावं कळेना. तात्यांनी तिला विचारलं, त्या दिवशी आवाज आला तेव्हा आधी काय केलंस? ती म्हणाली, उठले. मग? मग वाचलं. मग? मग बटण दाबलं. त्यांनी तिला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा क्रम तोच आला. बास म्हणाले, जा घरी.

खरा घोळ पुढंच होता. दोन्ही घड्याळं जुळवून ठेवणं हे पॅनलवाल्यांचं काम. स्क्रीन सुरू झाली की पेटीची वेळ घेते, असं आम्ही त्या मेलेल्या सेलच्या प्रकरणानंतर केलेलं होतं. आमच्या टेबलावर आम्ही रोज बंद करून सुरू करायचो, वेळ जुळायची, तात्या बरोबरची खूण करायचे. तिथं केंद्रात मात्र स्क्रीन इन्व्हर्टरवर, कधी बंदच पडत नव्हती. आणि मधल्या काळात कुणीही बोट लावून तिची वेळ बदलू शकत होता. त्याला पासवर्डचं कुलूप नव्हतं. कुलूप आहे का हे चाचणीत बघितलंच नव्हतं.

मालकांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हते ते, मी आधीच सांगितलं. पण म्हणाले, तात्या, ऑपरेटरने घड्याळ बदललं हे खरं आहे ना? मग तेवढंच लिहा. आपलं पॅनल निर्दोष आहे.

तात्या म्हणाले, "लिवतो. पण आधी काय झालं त्ये आधी लिवतो. आधी आमी दार उगडं ठेवलं. ती त्यातनं मागनं गेली."

"पुढची चार पॅनल त्यांच्याच ऑर्डरची आहेत, तात्या. तुमच्या चाचणीवर ठपका येईल."

"यील," तात्या म्हणाले.

मी तेव्हा दाराशी फेरूलचा डबा घेऊन उभी होते. मध्ये बोलायचं माझं धाडस झालं नाही. ते मला अजून टोचतं. त्या खोलीत रोज मीही होते. कुलूप मलाही दिसलं नव्हतं. पण सही माझी नव्हती, म्हणून मी डबा धरून उभी राहिले.

अहवाल त्यांनी हातानं लिहिला. बोलताना गावाकडचे, पण कागदावर लिहायला लागले की तात्यांची भाषा इस्त्री केल्यासारखी. मी तो वाचला होता, म्हणून अजून आठवतो. "स्क्रीनचे घड्याळ हाताने बारा मिनिटे पुढे केलेले आढळले. एस.टी. चुकू नये म्हणून घड्याळ पुढे ठेवण्याची रीत या भागात घरोघरी आहे. चाचणी घेणाऱ्याच्या स्वतःच्या घरीही आहे. त्यामुळे असे होईल हे त्याला कळायला हवे होते. ते त्याने तपासले नाही. अलार्मनंतर ऑपरेटरने एका मिनिटात बटण दाबले आहे." आणि खाली सही. मग जुन्या चाचणीचा कागद काढून त्यावरची घड्याळापुढची बरोबरची खूण त्यांनी खोडली आणि शेजारी तारीख घालून पुन्हा सही केली.

केंद्रात मॅनेजरांनी विचारलं म्हणे, घड्याळ पुढं केलं कुणी ते लिहिलेलं नाही. तात्यांनी सांगितलं, "ज्याला यष्टी गाठायची हुती त्यानं. तुमच्या मनगटावरचं बघू." मॅनेजरांनी हात मागं घेतला. त्यांचंही पाच मिनिटं पुढंच होतं.

सविता चार दिवसांनी कामावर आली. घड्याळाला कुलूप बसलं आणि स्क्रीन दर तासाला पेटीची वेळ घ्यायला लागली. चारही पॅनलची ऑर्डर आमच्याकडंच राहिली, पण गिऱ्हाइकानं एक अट घातली, की चाचणीची सही दुसऱ्या कुणाची पाहिजे. मालकांनी खाली मान घालून सांगितलं. तात्या बरं म्हणाले. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, लग आणि ग्लँड, म्हणजे वायरींचं बारीकसारीक सामान, मोजायला. आणि सही कुणाची, तर माझी. सातवी शिकलेल्या बाईची. त्यांचं स्टूल मला मिळालं. महिनाभर मी त्याच्यावर बसले नाही, उभ्यानंच काम केलं. एक दिवस तात्या दाराशी आले, आत पाऊल न टाकता म्हणाले, "शालन, तुजे पाय दुकत्याल. त्येला स्टूल म्हंत्यात, सिंहासन न्हवं."

त्यानंतर ते चाचणीच्या खोलीत कधी आले नाहीत. निखिल साहेब काही विचारायला स्टोअरमध्ये गेले, की शालनला विचारा म्हणायचे. दुपारी माझं काम थांबलं की मी तिकडं डोकवायची. ते लगांच्या डब्यांमध्ये बसलेले, डोळे मिटून. मळीचा वास तिथंही यायचा. मी एकदा विचारलं, तात्या, वाईट वाटतं का? ते म्हणाले, वाटतं. एवढंच.

दोन वर्षांनी त्यांची नोकरी संपत आली. त्याच महिन्यात मला त्या केंद्रात वर्षाची तपासणी करायला जायचं होतं. तात्या म्हणाले, मलाही लेकीकडं इंदापूरला जायचंय, फाट्यापर्यंत येतो. थंडी सरत आलेली होती. उसाला तुरे आलेले आणि जीपच्या दोन्ही बाजूंनी ते पांढरे तुरे इतके हलकेच डुलत होते, की मी बोलायचं विसरले. मी बोलायचं विसरणं म्हणजे बघा.

केंद्रापाशी जीप थांबली. मी म्हटलं, आत चला ना, सविता भेटेल. त्यांनी मान हलवली. "माजी सही बंद हाय तितं." मी हट्ट केला नाही. कंट्रोल रूमला बाहेरच्या अंगणाकडून मोठी काच आहे. लिंबाच्या झाडाखाली पिशवी ठेवून ते काचेपासून थोडे लांब उभे राहिले.

सविता खुर्चीत होती, त्या काचेकडं पाठ करून. एका नव्या पोरीला वही दाखवून काहीतरी समजावत होती. मला बघून हसली. मी शेजारच्या पॅनलच्या खोलीत गेले. तिथून एका काचेतून सविता दिसते आणि तिच्या पलीकडच्या काचेतून अंगण. तपासणीत एक खोटा अलार्म द्यावा लागतो. कधी देणार ते ऑपरेटरला सांगायचं नसतं. मी बटण दाबलं.

अलार्मचा पहिला आवाज अजून पुरा वाजला नव्हता. सविता उठली होती. वही पोरीच्या हातात, बोलणं अर्धवट, आणि ती स्क्रीनपुढं. तिनं वाचलं, बोट उचललं, दाबलं. आवाज थांबला. वळून तिनं पोरीला काही सांगितलं आणि परत वही हातात घेतली. तेवढंच.

आणि पलीकडच्या काचेत तात्या. ते काचेच्या अगदी जवळ आले होते. कपाळ टेकलंच होतं म्हणा ना. दोन्ही हात डोळ्यांच्या कडेला धरलेले, उन्हाची तिरीप नको म्हणून. डोळे टक्क उघडे.

मी काम आटोपून बाहेर आले, तोवर ते पिशवी उचलून निघायच्या बेतात होते. सविताला त्यांचा पत्ता नव्हता. मी म्हटलं, बोलावू का तिला? नको म्हणाले.

"उठली की गं," ते म्हणाले. "लगीच उठली."

"मग? तुम्हीच तर लिहिलं होतं, एका मिनिटात म्हणून."

"त्ये गणितावर लिवलं हुतं," तात्या म्हणाले. "बघितलं आज."

मग ते फाट्याकडं चालायला लागले. एका बाजूला डाळिंबाची बाग, एका बाजूला ऊस आणि मध्ये पांढऱ्या मातीची वाट. वळणावर ते थांबले, मान वर करून डुलणारे तुरे बघत राहिले. मी जीपपाशी थांबून बघत होते. मग उसाच्या तुऱ्यांच्या पलीकडं आधी पिशवी दिसेनाशी झाली आणि मग तात्या.